अल्पुहाराच्या शांत रस्त्यांवर सायकल : ग्रनादा ते ग्वादिक्स, पाच दिवसांचा मार्ग

दक्षिण स्पेनमध्ये ग्रनादा शहराच्या आग्नेयेला सिएर्रा नेवादा ही पर्वतरांग उभी आहे. तिचे सर्वोच्च शिखर मुलासेन ३४७९ मीटर उंच आहे आणि तिथून भूमध्य समुद्र सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे. बर्फाची शिखरे आणि समुद्र यांच्यामधल्या या उतरत्या प्रदेशाला अल्पुहारा म्हणतात. पर्वतावरून उतरणाऱ्या ओढ्यांनी येथे खोल घळी कोरल्या आहेत, घळींच्या काठांवर पांढऱ्या भिंतींची आणि सपाट धाब्यांची गावे वसली आहेत, आणि गावांना जोडणारे रस्ते सुमारे हजार ते पंधराशे मीटर उंचीवरून डोंगराची कड धरून जातात. सायकलस्वारासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या रस्त्यांवरून पुढे कुठे घाईने जाता येत नाही. पूर्व-पश्चिम जाणारी सगळी मोठी वाहतूक दक्षिणेला किनाऱ्यालगतच्या ए-७ आणि उत्तरेला पर्वतापलीकडच्या ए-९२ या महामार्गांनी जाते. मधला रस्ता प्रत्येक घळीत आत शिरतो, ओढा ओलांडतो आणि समोरच्या काठाने बाहेर येतो, त्यामुळे समोर दिसणारे गाव गाठायला आठ-दहा किलोमीटर पडतात. मोटारवाल्याला हा वळसा परवडत नाही, आणि म्हणूनच आठवड्यातल्या मधल्या वारी येथे बराच वेळ एकही गाडी भेटत नाही.

युरोपातील सर्वांत उंच डांबरी रस्ता म्हणून ओळखला जाणारा वेलेता शिखराकडचा रस्ता याच पर्वतावर आहे, आणि भारतातून येणाऱ्या सायकलस्वारांना आधी तोच खुणावतो. चढाईची कसोटी हवी असेल तर तो अवश्य करावा. मात्र त्याचा बराच मोठा भाग स्कीच्या केंद्राकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावरून जातो आणि वाटेत गावांची सोबत फारशी नसते. शांतता, पाणी, गावे आणि रोज पेलेल एवढा चढ हे सगळे एकत्र हवे असेल, तर माझ्या मते वेलेता बाजूला ठेवून ग्रनादाहून लेक्रिन खोरे, तेथून अल्पुहाराची वरची कड आणि शेवटी राग्वा खिंड ओलांडून ग्वादिक्स, असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा मार्ग निवडावा. पुढचे सगळे विवेचन याच मार्गाला धरून आहे.

कधी जावे

या मार्गाची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा यांच्या उंचीत सुमारे पंधराशे मीटरचा फरक आहे. हवा साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे खाली ऑर्हिवा गावात २५ अंश असताना राग्वा खिंडीत १५ अंश असू शकतात आणि वर वारा वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यांत ऊन असह्य होते, तर डिसेंबर ते मार्च या काळात खिंडीत बर्फ असते. खिंडीजवळ बर्फावरील पायी स्कीचे केंद्रच आहे, यावरून थंडीचा अंदाज यावा. म्हणून दोनच काळ उरतात : एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. मला मे महिना अधिक पसंत आहे, कारण दिवस मोठा असतो, वितळत्या बर्फामुळे ओढे भरलेले असतात आणि शिखरांवर पांढरा रंग अजून शिल्लक असतो. ज्यांना चेस्टनटची पिवळी झालेली राने पाहायची आहेत त्यांनी ऑक्टोबरचा शेवट धरावा, पण त्या दिवसांत पाऊस आणि लवकर पडणारा अंधार यांची तयारी ठेवावी.

महिना ठरला की वार ठरवावेत, आणि शांततेच्या दृष्टीने हे महिन्याइतकेच महत्त्वाचे आहे. पोकेइरा घळीतली पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावे संपूर्ण स्पेनमध्ये प्रसिद्ध आहेत. शनिवार-रविवारी तिथे सहलीच्या बसगाड्या येतात आणि वळणांच्या रस्त्यावर मोटरसायकलींचे ताफे फिरतात. तेव्हा प्रवासाची आखणी अशी करावी की पोकेइराचा दिवस सोमवार ते गुरुवार यांच्यात येईल. ईस्टरपूर्वीचा आठवडा, १ मे, १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्या टाळाव्यात. सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली तर मधला दिवस जोडून लोक चार दिवस बाहेर पडतात, हेही कॅलेंडर पाहताना लक्षात घ्यावे.

आपल्याकडे पहाटे साडेपाचला घाट चढायला सुरुवात करण्याची सवय असते. ती इथे मोडावी लागते. स्पेन मध्य युरोपच्या वेळेप्रमाणे चालतो, आणि मार्चअखेर घड्याळे एक तास पुढे जातात. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला ग्रनादात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, मेच्या मध्याला सातच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तर सव्वाआठ उलटून गेलेले असतात. दुसऱ्या बाजूला मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. नऊला निघून दोनपर्यंत मुक्कामी पोहोचणे, किंवा दुपारी विसावून पाचनंतर उरलेला टप्पा पूर्ण करणे, या दोन्ही पद्धती या प्रदेशाला साजेशा आहेत.

घरची तयारी

रोजचे अंतर तीस ते पन्नास किलोमीटर एवढेच आहे, आणि हा आकडा पाहून पुष्कळ जण मार्ग सोपा समजतात. येथे अंतर मोजू नये, चढ मोजावा. सामानासह चालणाऱ्या मध्यम तयारीच्या सायकलस्वाराने सपाट रस्त्याला पंधरा किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक चारशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. थांबे वेगळे. हा हिशोब ढोबळ आहे, तरी मुक्काम ठरवायला पुरतो.

सरावासाठी महाराष्ट्रातले घाट अगदी योग्य आहेत. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट सुमारे पावणेसहाशे मीटर चढतो, आणि ऑर्हिवा ते पाम्पानेइरा हा चढ जवळपास तेवढाच आहे. राग्वा खिंडीसाठी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण दोन्हीकडे एका दमात हजार मीटरहून अधिक चढावे लागते आणि चढ फार तीव्र नसला तरी तो संपत नाही. सिंहगडाचा चढ त्यापेक्षा उभा आहे. तो पायांची ताकद वाढवतो, पण दोन-तीन तास एकाच लयीत बसून पायडल मारण्याची सवय लांब घाटानेच लागते. निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक लांब घाट आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मध्यम चढ, असा जोड सराव करावा, कारण या प्रवासाची खरी परीक्षा थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघण्यात आहे.

सायकल आणि सामान

रस्ते डांबरी आणि बहुतांशी चांगले आहेत, त्यामुळे रोड बाइक चालते, मात्र टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंद असावेत. घळींच्या सावलीतल्या वळणांवर खडी पडलेली असते आणि उतरताना अरुंद टायर घसरतो. गिअर निवडताना संकोच करू नये. पुढे ३४ दातांची लहान चेनरिंग आणि मागे निदान ३४ दातांचे मोठे चक्र, म्हणजे एकास एक गुणोत्तर, हे सामानासह चढण्यासाठी किमान समजावे, आणि त्याहून हलका गिअर मिळत असेल तर घ्यावा.

सायकल भारतातून न्यावी की ग्रनादा किंवा मालागा येथे भाड्याने घ्यावी, हा प्रश्न दिवसांवर अवलंबून आहे. केवळ आठवड्याभराचा प्रवास असेल तर भाड्याची सायकल बरी, कारण खोक्यात सायकल बांधणे, विमानातला अधिभार आणि शहरात खोके सांभाळणे यांत दोन दिवस जातात. आपले पायडल आणि शक्य झाल्यास आपली सीट बरोबर न्यावी. भाड्याच्या सायकलीबाबत एक गोष्ट पहिल्याच क्षणी तपासावी : आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तर स्पेनमध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. उतारावर सवयीने डावा हात जोरात दाबला तर पुढचे चाक अडकते. दुकानदाराला सांगून केबली बदलून घेता येतात. ते शक्य नसेल तर घाटात शिरण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर अर्धा तास फक्त ब्रेक लावण्याचा सराव करावा.

सामान कमी ठेवावे. सीटमागची एक मोठी बॅग आणि हँडलवरची एक लहान बॅग यांत पाच दिवस निघतात, कारण रोज रात्री छताखाली झोपायचे आहे आणि कपडे धुऊन वाळतात. वाऱ्यापासून बचाव करणारे जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हाताच्या बाह्या हे मेमध्येसुद्धा सोडू नये. चढताना त्यांची गरज भासत नाही, पण घामाने भिजलेल्या अंगाने राग्वाहून उत्तरेकडे उतरताना थंडीने बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबता येत नाही. दोन ट्यूब, टायर फाटल्यास आतून लावायचा तुकडा, साखळीची जोडकडी, ब्रेक पॅडचा एक जोड आणि आपल्या फ्रेमला बसणारा डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो ती पट्टी, ग्रनादात असतानाच घ्यावेत. पुढच्या गावांत किराणा मिळतो, सायकलचे सुटे भाग मिळतील असे धरून चालू नये.

व्हिसा आणि पोहोचणे

भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो, आणि तो सायकल प्रवासातील अपघाताला लागू होतो का हे पॉलिसीत वाचून घ्यावे. मुक्कामांची आरक्षणे दाखवावी लागतात, तेव्हा रद्द करता येण्याजोगी आरक्षणे करावीत. मालागा विमानतळावरून ग्रनादापर्यंत बसने सुमारे दोन तास लागतात. सायकल बरोबर असेल तर ती पिशवीत किंवा खोक्यात बांधावी लागते, आणि जागा आधी राखून ठेवावी.

रस्त्याचे नियम

स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि पाणी भरून पुन्हा सायकलवर बसताना सवयीने डावीकडे जायला होते. शांत रस्त्यावर हा धोका जास्त असतो, कारण चूक दाखवून द्यायला समोर गाडी नसते. हँडलवर उजवीकडे रंगीत पट्टी चिकटवून ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

सायकलस्वाराला ओलांडताना चालकाने किमान दीड मीटर अंतर सोडणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि एकाच दिशेला दोन मार्गिका असतील तर मार्गिका पूर्ण बदलावी लागते. दोघांनी शेजारी शेजारी सायकल चालवण्यास परवानगी आहे, पण वळणांवर आणि मागे गाडी आल्यावर एकामागे एक व्हावे. येथील चालक सायकलस्वारामागे धीराने थांबतात, हॉर्न वाजवत नाहीत. सुरक्षित जागा आल्यावर बाजूला होऊन हात केला तर तेही हात करून जातात. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट घालावेच. कानात इअरफोन घालणे आणि चालवताना मोबाइल हातात धरणे यांवर दंड आहे, मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि अंधारात किंवा धुक्यात दिव्यांबरोबर परावर्तक जॅकेट लागते. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

नकाशा वाचताना एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. ए अक्षरानंतर एक किंवा दोन अंक असतील तर तो बहुधा महामार्ग असतो, तिकडे जाऊ नये. तीन अंकी रस्ते प्रादेशिक आणि चार अंकी रस्ते स्थानिक असतात. आपल्या मार्गाचा गाभा ए-४१३२ आणि ए-४१३० या दोन चार अंकी रस्त्यांवर आहे. मोबाइलवरचे नकाशे कधी कधी अंतर वाचवण्यासाठी मातीच्या वाटेवर नेतात, म्हणून मार्ग घरीच आखून, रस्त्याचा पृष्ठभाग तपासून, इंटरनेटशिवाय चालेल असा साठवून ठेवावा. घळींच्या आत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

पाणी आणि खाणे

या प्रदेशात पाण्याची मोठी सोय आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. मुस्लिम राजवटीच्या काळात येथील शेतकऱ्यांनी डोंगरावर उंच ठिकाणी पाट खोदले. वसंतात वितळणारे बर्फाचे पाणी या पाटांतून मुद्दाम मुरमाड जमिनीवर सोडले जाते. ते जिरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. १४९२ मध्ये ग्रनादाचे राज्य पडले, १५६८ मध्ये येथील मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती धर्म घ्यायला लावलेल्या मुस्लिम, लोकांनी बंड केले, १५७१ पर्यंत ते मोडून काढून त्यांना येथून हाकलण्यात आले आणि बाहेरचे शेतकरी आणून वसवण्यात आले. एवढी उलथापालथ होऊनही पाट आणि डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेते टिकली. आज प्रत्येक गावाच्या चौकात जे वाहते कारंजे दिसते ते याच व्यवस्थेचे फळ आहे. पाण्याची बाटली तिथे भरावी, मात्र पाटी वाचावी. ‘नो पोताब्ले’ म्हणजे पिण्यास अयोग्य. प्रक्रिया न केलेले पाणी अशी पाटी असेल, तर गावकरी पीत असले तरी नवख्याने गाळणीशिवाय पिऊ नये. दोन बाटल्या पुरतात, फक्त राग्वाच्या दिवशी तिसरी घ्यावी.

जेवणाच्या वेळा समजून घेतल्या नाहीत तर उपाशी राहावे लागते. न्याहारी साधी असते : भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो. दुपारचे जेवण दोनच्या आसपास सुरू होऊन चारपर्यंत चालते, दुकाने साधारण दोन ते पाच बंद असतात, आणि रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या आधी मिळत नाही. रविवारी गावातले दुकान बंद असण्याची शक्यता मोठी, म्हणून शनिवारीच केळी, बदाम, पाव आणि चीज घेऊन ठेवावे.

शाकाहारी मंडळींना येथे थोडे दक्ष राहावे लागते, कारण डुकराचे वाळवलेले मांस हा या डोंगरांचा मुख्य व्यवसाय आहे आणि अनेकांच्या लेखी हॅमचे तुकडे हे मांसात मोजले जात नाहीत. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, असे स्पष्ट सांगावे. मग बरेच काही मिळते : भरपूर ऑलिव्ह तेलात कांदा आणि मिरचीबरोबर शिजवलेले बटाटे, बटाट्याचे जाड ऑम्लेट, भाज्यांचे पिस्तो, उसाच्या काकवीसह तळलेली वांगी, गार गास्पाचो सूप. रव्याचे किंवा पावाचे मिगास दिसायला आपल्या मोकळ्या उपम्यासारखे असते, पण त्यात बहुधा सॉसेज असते, तेव्हा विचारून घ्यावे. ऑर्हिवात अनेक देशांचे लोक येऊन स्थायिक झाले आहेत, त्यामुळे शाकाहारी खाणे आणि सुकामेवा तिथे सहज मिळतो. पुढच्या तीन दिवसांची शिदोरी तिथेच भरावी.

पहिला दिवस : ग्रनादा ते लान्हारोन

अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. शहरातून आर्मिया आणि आलेन्दिनमार्गे बाहेर पडेपर्यंत वाहतूक आहे, आणि संपूर्ण प्रवासातला हाच एक गजबजलेला तुकडा आहे. तो रविवारी सकाळी पार करणे सर्वांत सोयीचे. पुढे जुना राष्ट्रीय रस्ता एन-३२३ए लागतो. शेजारी ए-४४ महामार्ग झाल्यापासून हा रस्ता मोकळा पडला आहे. सुमारे ८६० मीटरवरची खिंड ‘मूरचा सुस्कारा’ या नावाने ओळखली जाते. ग्रनादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर सोडताना येथून वळून पाहिले, अशी आख्यायिका आहे. पादुल आणि दुर्काल ही गावे ओलांडली की लेक्रिन खोऱ्यात संत्री, लिंबे आणि ऑलिव्ह यांच्या बागा सुरू होतात. वेळ असेल तर मुख्य रस्ता सोडून मेलेहीस आणि रेस्ताबाल या खालच्या गावांतून वळसा घ्यावा. ताब्लातेच्या खोल घळीवरचा पूल ओलांडून ए-३४८ ने लान्हारोनला पोहोचावे. ६६० मीटरवरचे हे गाव खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि स्नानगृहासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरा दिवस : लान्हारोन ते पित्रेस

आधी ऑर्हिवापर्यंत दहा किलोमीटर उतार. ऑर्हिवा सुमारे ४५० मीटरवर आहे आणि तिथून ए-४१३२ चा चढ सुरू होतो. पाम्पानेइरापर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरांत सहाशे मीटर चढावे लागतात, म्हणजे सरासरी चार टक्के. चढ एकसारखा आहे, म्हणून पहिल्या तीन किलोमीटरांत मुद्दाम हळू जावे आणि बोलता येईल इतकाच श्वास वाढू द्यावा. सुरुवातीचे उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने सावली कमी आहे, तेव्हा उन्हाच्या दिवसांत अकरापूर्वी अर्धा चढ संपवावा.

पाम्पानेइराच्या पुढे कापिलेइराचा फाटा लागतो. बुबियोनवरून १४३६ मीटरवरच्या कापिलेइराला जाऊन त्याच रस्त्याने परत यावे लागते. जमत असेल तर जावे, कारण तिथून घळीच्या माथ्यावर वेलेता शिखर दिसते. याच घळीच्या समोरच्या उतारावर ‘ओ सेल लिंग’ हे तिबेटी बौद्ध साधना केंद्र आहे. १९८२ मध्ये दलाई लामा तिथे आले होते आणि हे नाव त्यांनीच दिले. मुक्कामासाठी मात्र मी पित्रेस सुचवीन. सहलीच्या बसगाड्या पोकेइरात थांबतात आणि मागे फिरतात, पुढची सात-आठ किलोमीटरवरची ही गावे संध्याकाळी पूर्णपणे गावकऱ्यांची असतात. लहान वसतिगृहात किंवा घरगुती निवासात सायकल आत ठेवू देतात. ‘पुएदो ग्वार्दार ला बिसी देन्त्रो?’ एवढे विचारावे.

तिसरा दिवस : पित्रेस ते बेर्चुलेस

हा दिवस मला सर्वांत प्रिय आहे. पोर्तुगोस सोडताच रस्त्याच्या कडेलाच ‘फुएन्ते आग्रिया’ हा झरा लागतो. त्याचे पाणी लोहयुक्त आणि नैसर्गिकरीत्या फसफसणारे आहे, आणि भोवतालचे खडक गंजासारखे तांबडे झाले आहेत. चव घेण्यापुरते प्यावे, बाटली गावातल्या कारंज्यावर भरावी. बुस्किस्तारनंतर रस्ता त्रेवेलेस नदीच्या लांब खोऱ्यात उत्तरेकडे वळतो. एका काठाने आत जाऊन, टोकाशी १४७६ मीटरवरचे त्रेवेलेस गाव गाठून, दुसऱ्या काठाने तेवढेच बाहेर यावे लागते. समोरच्या काठावर आपण दोन तासांनी जिथे असू तो रस्ता सतत दिसत राहतो, आणि त्यावर एकही गाडी नाही हेही दिसते. स्पेनमधल्या सर्वांत उंच गावांमध्ये त्रेवेलेसची गणना होते. थंड कोरड्या हवेत हॅम वाळवण्याचे वखारवजा कारखाने येथे जागोजागी आहेत. जेवण येथे करावे, कारण हुविलेसपर्यंत मध्ये काही नाही.

परतीच्या काठावर चढ किरकोळ आणि वळणे पुष्कळ आहेत. येथे मेंढ्या-बकऱ्यांचे कळप रस्त्यावर येतात आणि त्यांच्याबरोबर मोठी राखणदार कुत्री असतात. वेग काढून कुत्र्याला मागे टाकण्याचा प्रयत्न करू नये. उतरून, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून, चालत कळप ओलांडावा. पाऊस पडून गेल्यावर वरून दगड सुटतात, त्यामुळे उतारावरच्या आंधळ्या वळणात डोळ्यांना दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. हुविलेसनंतर आणखी दहा-एक किलोमीटरवर बेर्चुलेस येते.

चौथा दिवस : बेर्चुलेस ते लारोलेस

ए-४१३० वरून मेसिना बोम्बारोन, येहेन आणि वालोर अशी गावे ओळीने लागतात. पर्यटक येथपर्यंत फारसे येत नाहीत. वालोर हे १५६८ च्या बंडाचा पुढारी आबेन उमेया याचे गाव. चेस्टनटची राने मागे पडून बदाम आणि ऑलिव्ह दिसू लागतात, दक्षिणेला कॉन्त्राविएसा डोंगररांग आणि पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, समुद्राची रेघ दिसते. वालोरहून मायरेनामार्गे सुमारे हजार मीटरवरच्या लारोलेसला यावे. दिवस सोपा आहे आणि तो सोपाच ठेवावा, उद्याचा चढ लक्षात घेऊन दुपारनंतर पाय वर करून पडावे. राग्वाच्या आसपास मुक्कामाची ठिकाणे मोजकी आहेत, त्यामुळे ही रात्र आरक्षणाशिवाय सोडू नये.

पाचवा दिवस : राग्वा खिंड आणि ग्वादिक्स

आदल्या संध्याकाळी स्पेनच्या हवामान संस्थेचा, म्हणजे आएमेतचा, डोंगरांचा अंदाज आणि वाहतूक खात्याकडचा रस्त्यांचा अहवाल पाहावा. वीज, दाट ढग किंवा बर्फ यांचा इशारा असेल तर खिंड सोडून द्यावी आणि उगीहारमार्गे ए-३४८ ने पश्चिमेकडे ऑर्हिवाला परतावे. हा खालचा रस्ताही शांत आहे, आणि ऑर्हिवाहून ग्रनादाला बस मिळते.

हवा चांगली असेल तर ए-३३७ ने चढायला लागावे. लारोलेसपासून खिंडीपर्यंत वीसेक किलोमीटरांत हजार मीटरचा चढ आहे. पहिला भाग उघडा, नंतर पाइनचे रान. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी आणि दर पाऊण तासाला काहीतरी खाणे, हे भूक लागण्याची वाट न पाहता करावे. सुमारे दोन हजार मीटरवरच्या माथ्यावर निवारा आहे, पण तो उघडा असेलच असे धरू नये. येथे ग्रनादा आणि आल्मेरिया प्रांतांची हद्द आहे. फोटो काढण्यापूर्वी जॅकेट आणि हातमोजे घालावेत, कारण माथ्यावरचा वारा पाच मिनिटांत अंग थंड करतो.

उत्तरेचा उतार दक्षिणेपेक्षा तीव्र आहे. ला कालाओर्रापर्यंत साधारण १४ किलोमीटर. ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोरात लावून सोडावेत, म्हणजे रिम तापत नाही, आणि हात दुखू लागले तर सरळ थांबावे. खाली उतरताच देश बदलल्यासारखा होतो : झाडी संपते, विस्तीर्ण कोरडे पठार पसरते आणि टेकडीवर चार गोल बुरुजांचा किल्ला दिसतो. १५०९ ते १५१२ या काळात बांधलेल्या या किल्ल्याच्या आत इटालियन प्रबोधनकालीन शैलीचा चौक आहे.

तिथून ग्वादिक्स वीस किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता बहुतेक उताराचा आहे. ग्वादिक्समध्ये लोक आजही मऊ मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहतात, आणि अशाच एखाद्या घरात रात्र काढता येते. ग्रनादाला परतण्यासाठी येथून रेल्वे आहे. गाड्या दिवसातून थोड्याच असतात आणि एका गाडीत सायकलींसाठी जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढतानाच सायकलची जागाही नोंदवावी. आदल्या दिवशी स्थानकावर किंवा संकेतस्थळावर वेळ पुन्हा तपासावी, आणि भारतात परतण्याचे विमान त्याच दिवशीचे न ठेवता मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा, म्हणजे खिंड हवामानामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली तरी प्रवास अपुरा राहणार नाही.